पहिला माग कोण देणार? सोलापुरातील एका टेक स्टार्टअपचे प्रकरण

अक्कलकोट रोड एमआयडीसीत पत्र्याचे एक शेड. आत २४ साधे यंत्रमाग, सगळ्यांवर टॉवेल. पाळी संपली की नग मोजले जातात. पण एखादा माग पाळीभरात किती वेळ थांबला आणि कशामुळे थांबला, याची नोंद कुठेच होत नाही. बाण्याचा (आडवा) धागा तुटला, ताण्याचा (उभा) तुटला, आडव्या धाग्याची कांडी संपली की कामगार शेजारच्या मागावर अडकला होता, हे कुणी सांगू शकत नाही. शहरातच अभियांत्रिकी शिकलेल्या तिघांनी हे मोजणारी एक पेटी बनवली आहे. टेबलावर ती नीट चालते. मागावर चालते का, हे पाहायला त्यांना माग हवेत. कारखानदार म्हणतो, आधी दुसऱ्या कुणाकडे चालवून दाखवा. नव्या कंपन्यांना जागा आणि निधी देणारे केंद्र, म्हणजे इन्क्युबेटर, म्हणतो, गिऱ्हाइकाचे पत्र आणा, मग निधीचं बघू. बँक म्हणते, तीन वर्षांचे ताळेबंद आणा.

कारखानदार, इन्क्युबेटर आणि बँक तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि म्हणूनच गाठ सुटत नाही.

हे प्रकरण एखाद्या विशिष्ट कंपनीचे नाही. सरकारी योजना, शिक्षणसंस्था आणि खासगी उद्योग एकत्र आणताना कुठे काय अडते ते दाखवण्यासाठी नमुना म्हणून बांधले आहे. शेड, कंपनी, करारातली कलमे आणि हिशेबातले दर गृहीत धरले आहेत. कायदे, योजना आणि त्यांच्या अटी मात्र प्रत्यक्षातल्या आहेत.

सोलापूरच का

‘स्टार्टअप इंडिया’चा कृती आराखडा १६ जानेवारी २०१६ रोजी जाहीर झाला. जानेवारी २०२५ पर्यंत देशात १ लाख ५९ हजारांहून अधिक स्टार्टअपना मान्यता मिळाली होती आणि त्यातले जवळजवळ निम्मे महानगरांबाहेरचे होते. म्हणजे मान्यतेचा कागद लहान शहरांपर्यंत पोचला आहे. पहिले गिऱ्हाईक पोचलेले नाही.

सोलापुरात प्रश्नांची वाण नाही. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कापड गिरण्या बंद पडल्या तरी यंत्रमाग टिकले, गणवेश शिवणारे कारखाने वाढले. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि डाळिंबावरचा तेल्या रोग अजून शेतकऱ्यांना छळतो आहे. उसाचे कारखाने, होटगीजवळचा एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा वीजप्रकल्प, शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या उजनीतून येणारे पाणी: प्रत्येक ठिकाणी मोजण्यासारखे, वाचवण्यासारखे काहीतरी आहे.

पण इथल्या पैशाची घडण वेगळी आहे, आणि मुंबई-पुण्यात बनलेले आराखडे इथे कोलमडतात ते त्यामुळेच. खासगी सहभाग म्हटले की पहिले नाव सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या सक्तीच्या खर्चाचे, निघते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते. सातव्या परिशिष्टानुसार केंद्र किंवा राज्य सरकारचा निधी असलेल्या इन्क्युबेटरला ती देता येते. पण हा कायदा कंपन्यांना लागू आहे. सहकारी साखर कारखाना ही कंपनी नव्हे. यंत्रमागधारक बहुतेक एकमालकी किंवा भागीदारीतले. जिल्ह्यात उद्योग भरपूर आहे, पण त्यातला फार थोडा या कलमाच्या कक्षेत येतो. इथल्या उद्योगाकडून रोख मागितली तर फोटोपुरता धनादेश मिळतो. मागायला हवेत माग, जॉबरचा (माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा) वेळ आणि सूत. हे त्याच्याकडे आहे, आणि पैशाने पटकन मिळत नाही ते हेच.

धोका कुणी घ्यायचा

सरकार आणि खासगी भांडवल यांची सांगड कशी घालावी याचे बहुधा सर्वांत अभ्यासले गेलेले उदाहरण इस्रायलच्या योझ्मा कार्यक्रमाचे आहे. १९९३ मध्ये तिथल्या सरकारने १० कोटी डॉलर बाजूला काढले आणि खासगी गुंतवणूकदारांबरोबर दहा निधी उभे केले. साधारण २ कोटी डॉलरच्या निधीत सरकारचे ८० लाख, उरलेले खासगी. महत्त्वाची अट अशी होती की पहिल्या पाच वर्षांत खासगी भागीदाराला सरकारचा हिस्सा मूळ किंमत अधिक व्याज देऊन विकत घेता येत होता. तोटा झाला तर दोघांचा, मोठा फायदा झाला तर खासगी बाजूचा.

भारतात २०१६ मध्ये सिडबी या लघुउद्योग विकास बँकेमार्फत सुरू झालेला १०,००० कोटींचा फंड ऑफ फंड्स त्याच जातीचा आहे. तो स्टार्टअपमध्ये थेट पैसे घालत नाही. सेबीकडे नोंदलेल्या गुंतवणूक निधींना देतो आणि त्या निधींनी निदान दुप्पट रक्कम स्टार्टअपमध्ये गुंतवावी अशी अट घालतो. रचना चांगली आहे, पण ती आपल्या तिघांच्या डोक्यावरून जाते. दरमहा शून्य उत्पन्न असलेल्या, मागावर एकही पेटी न बसवलेल्या कंपनीकडे असा निधी वळून बघत नाही.

योझ्मातली युक्ती मात्र शेडच्या पातळीवर उतरवता येते. कारखानदाराला चाचणीचा त्रास आज होणार आहे. त्याचा फायदा उद्या शेजारच्याला होणार. म्हणूनच तो ‘आधी दुसऱ्याकडे’ म्हणतो. त्याला उद्याच्या फायद्यात हक्क दिला, तर पहिला होण्यात अर्थ उरतो.

घाईने नोंदवलेली कंपनी

पहिली चूक बहुधा चाचणीच्या आधीच होऊन गेलेली असते. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला वजन यावे म्हणून विद्यार्थी कंपनी नोंदवून टाकतात. २०२१ मध्ये ९४५ कोटी रुपयांची, चार वर्षांची, स्टार्टअपना सुरुवातीचा पैसा देणारी केंद्राची सीड फंड योजना आली. तिची अट अशी की अर्जाच्या वेळी कंपनी स्थापन होऊन दोन वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा. वस्तू तयार होते तिसऱ्या वर्षी, आणि तेव्हा दार बंद झालेले असते. उलट एकमालकी ठेवली तर डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग प्रोत्साहन विभागाची) स्टार्टअप म्हणून मान्यताच मिळत नाही. ती प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी अशा नोंदलेल्या संस्थांनाच मिळते. टेबलावर पेटी सलग महिनाभर न अडता चालली, त्या महिन्यात कंपनी नोंदवावी. त्याआधी नको.

त्याच योजनेतल्या आणखी दोन अटी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. कंपनीत भारतीय प्रवर्तकांचा हिस्सा निदान ५१ टक्के हवा. आणि केंद्राच्या किंवा राज्याच्या इतर योजनांतून आधी १० लाखांहून अधिक आर्थिक मदत घेतलेली नसावी. स्पर्धेतले बक्षीस, सवलतीची जागा, प्रयोगशाळेचा वापर आणि संस्थापकाचा मासिक भत्ता या मर्यादेत धरत नाहीत. हे ठाऊक नसल्याने अनेक जण बक्षीस मिळाले म्हणून अर्जच करत नाहीत.

नोंदणीनंतरचा क्रम असा ठेवावा: पेटंटचा तात्पुरता अर्ज, डीपीआयआयटी मान्यता, उद्यम (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी) नोंदणी, आणि मग शेडमध्ये पाऊल. पेटंटचा तात्पुरता अर्ज ऑनलाइन केला तर स्टार्टअपला १,६०० रुपये शुल्क पडते आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. यंत्रमागाच्या शेडमध्ये दिवसभर माणसांची ये-जा असते. तिथे पेटी लागली की ती गावाने पाहिली असे समजावे. म्हणून अर्ज आधी. उद्यम नोंदणीचे कारण पुढे, वसुलीच्या ठिकाणी येईल. स्टार्टअपच्या नफ्यावर मिळणारी करसवलत आज विसरून जावी. नफाच नाही तर कर कशावर?

इन्क्युबेटरकडून काय मागायचे

सीड फंडचा अर्ज एका वेळी तीन इन्क्युबेटरांना, पसंतीक्रमाने, करता येतो. इन्क्युबेटरला या योजनेत ५ कोटींपर्यंत निधी मिळू शकतो. त्यातून तो स्टार्टअपला प्रोटोटाइप आणि चाचणीसाठी २० लाखांपर्यंत अनुदान, आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत परिवर्तनीय डिबेंचर (पुढे भागभांडवलात बदलता येणारे कर्जरोखे) किंवा कर्ज देऊ शकतो. कर्जाचा व्याजदर रेपो दराहून अधिक नाही, मुदत ६० महिन्यांपर्यंत, तारण नाही. योजनेची मूळ चार वर्षांची मुदत २०२५ पर्यंत होती; म्हणून अर्ज करण्याआधी योजना चालू आहे का आणि त्या इन्क्युबेटरकडे निधी शिल्लक आहे का, हे दोन्ही लेखी विचारावे. शिल्लक नसलेल्या ठिकाणी चकचकीत सादरीकरण करून काही हाती लागत नाही.

इन्क्युबेटर पात्र ठरायला सोपा नाही. तो सोसायटी, न्यास, कलम ८ खालची (ना-नफा) कंपनी अशी स्वतंत्र कायदेशीर संस्था हवा. दोन वर्षे चालू असावा, निदान २५ जणांची बसायची सोय असावी, किमान पाच स्टार्टअप प्रत्यक्ष तिथे काम करत असावेत आणि पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी असावा. शेवटची अट कागदावर साधी वाटते, पण बरीच केंद्रे तिथेच घसरतात. दिवसाला चार तास शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून केंद्र दिले, की स्टार्टअपची फाईल परीक्षेच्या हंगामात दोन महिने हलत नाही. यात त्या प्राध्यापकांचा काही दोष नाही.

कलम ८ ची स्वतंत्र कंपनी का हवी, याचेही कारण व्यवहारातले आहे. महाविद्यालयाच्या खात्यातून ९० रुपयांच्या सेन्सरसाठी तीन दरपत्रके मागवावी लागतात. इन्क्युबेटरचे खाते वेगळे असले की अनुदान टप्प्यानुसार थेट स्टार्टअपकडे जाते आणि खरेदी स्टार्टअप करतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम २०१६ ने विद्यापीठांमध्ये नवोपक्रम आणि साहचर्याच्या मंडळाची सोय केली आहे. विद्यापीठाचा आशीर्वाद तिथून मिळतो. रोजचा कारभार मात्र वेगळ्या संस्थेकडेच असावा.

अर्ज तपासणाऱ्या समितीत राज्याच्या स्टार्टअप यंत्रणेचा प्रतिनिधी, गुंतवणूकदार, उद्योगातला आणि शिक्षणक्षेत्रातला तज्ज्ञ आणि यशस्वी उद्योजक असावेत असे योजना सांगते. उद्योगातला तज्ज्ञ म्हणून पुण्याहून सॉफ्टवेअरचा माणूस बोलावण्यापेक्षा इथला वीस वर्षे माग चालवलेला कारखानदार बसवावा. ‘बाण्याचा धागा तुटल्यावर साधा माग स्वतः थांबतो का, की थांबवावा लागतो?’ हा प्रश्न तोच विचारेल, आणि पेटीचे अर्धे भवितव्य त्या उत्तरात आहे.

करार

सामंजस्य करार नावाचा जो दोन पानी कागद हार-तुऱ्यांसह होतो, त्यात ‘सहकार्य करतील’, ‘प्रयत्नशील राहतील’ अशी क्रियापदे असतात. अशा कागदावर माग मिळत नाही. इथे तीन सह्या हव्यात: कारखानदार, स्टार्टअप, इन्क्युबेटर. आणि मजकूर पुढीलप्रमाणे असावा.

कारखानदार २४ माग ७४ दिवस देईल: १४ दिवस नुसती नोंद, ६० दिवस प्रत्यक्ष वापर. चाचणीचे पैसे तो देणार नाही, पण मागामागे ५०० रुपये, म्हणजे १२,००० रुपये, परतीची ठेव ठेवेल. नंतर पेटीचे मासिक भाडे सुरू झाले तर ती त्यात वळती होईल. ठेव लहान असली तरी हवीच. फुकट लावलेली पेटी आठवड्यात वायर कापून कोपऱ्यात जाते, कारण ती कुणाचीच नसते.

त्याच्या बदल्यात त्याला २४ महिने दरमहा मागामागे १५० रुपये हा दर बांधून मिळेल आणि पहिल्या वर्षात पेट्या उत्पादन खर्चात विकत घेण्याचा हक्क राहील. योझ्मातला हिस्सा विकत घेण्याचा हक्क आपल्या शेडमध्ये असा येतो.

तिसरे कलम कामगारांचे, आणि सर्वांत जास्त वेळ त्याच्यावर घालवावा. मजुरी नगावर आहे. पेटी दिसली की कामगाराला पहिली शंका येते ती दर कमी होण्याची किंवा दोनऐवजी चार माग चालवायला लावण्याची. ही शंका रास्त आहे. म्हणून चाचणीच्या ७४ दिवसांत नगाचा दर आणि माणसामागचे माग बदलणार नाहीत, पेटीच्या नोंदीवरून कुणाचीही मजुरी कापली जाणार नाही, असे लिहून ते पान तेलुगू आणि मराठीत शेडच्या भिंतीवर लावावे. नोंद मागाच्या क्रमांकाने व्हावी, माणसाच्या नावाने नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा विचार करूनही तेच बरे. हे कलम गाळले तर सेन्सरवर चिंधी बांधलेली सापडते आणि चाचणीचा निकाल खोटा येतो.

उरलेली कलमे थोडक्यात. उत्पादनाचे आकडे कारखानदाराचे. नाव न देता टक्केवारी छापण्याची मुभा स्टार्टअपला. पेटीमुळे माग बंद पडला तर तासाला ठरलेली भरपाई, तीही अनुदानातून नव्हे, स्टार्टअपच्या खिशातून. आणि अहवाल इन्क्युबेटर लिहील, निकाल चांगला येवो की वाईट.

मागावर काय होते

साध्या मागाचा क्रँक शाफ्ट एकदा फिरला की एक पिक पडतो, म्हणजे आडवा धागा एकदा ओवला जातो. म्हणून मोजायला सोपी जागा तीच. ऑप्टिकल सेन्सर लावण्याचा मोह टाळावा. कापसाची रुई दोन दिवसांत त्याचा डोळा झाकते. इंडक्टिव्ह सेन्सर लावावा आणि शाफ्टवरच्या चाकाला एक लोखंडी बोल्ट द्यावा. ४ मिलिमीटर पल्ल्याच्या सेन्सरला अंतर २ ते ३ मिलिमीटर ठेवावे. पट्टी मागाच्या मुख्य सांगाड्याला धरावी, पत्र्याच्या झाकणाला नाही. आडवा धागा नेणारा धोटा आदळण्याचा हादरा सतत बसत असल्याने साधा नट आठवड्यात सैल होतो, लॉकनट हवा.

वीज गेली तर तो थांबा कामगाराच्या नावावर जाता कामा नये. म्हणून पेटीत घड्याळ आणि स्मृती दोन्ही बॅटरीवर असावीत आणि वीज गेल्याची वेळ वेगळी नोंदली जावी. मोटार सुरू होताना दाब खाली येतो, पेटी पुन्हा सुरू होते आणि दहा-वीस पिक हरवतात. पॉवर सप्लायमध्ये तेवढा वेळ तग धरणारा कॅपॅसिटर लागतो. तो १०५ अंशांचा घ्यावा. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली, बंद पेटीत, ८५ अंशांच्या स्वस्त कॅपॅसिटरचे आयुष्य झपाट्याने सरते. प्रयोगशाळेत वातानुकूलित खोलीत घेतलेली चाचणी इथे उपयोगाची नाही.

इशाऱ्यासाठी बझर लावू नये. चालू शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या वर असतो, तो ऐकणार कोण? मागावर उंच दिवा लावावा: हिरवा, लाल, बस. अक्षरे वाचावी लागली नाहीत तर भाषेचाही प्रश्न राहत नाही.

लोखंडाच्या गर्दीत वाय-फाय अडखळते. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो आणि शेडभर पोचतो. पण विनापरवाना म्हणजे विनामंजुरी नव्हे. बिनतारी उपकरणाला ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराची सरकारी मंजुरी, लागते. ती आधीच मिळालेले मॉड्यूल विकत घेणे हाच शहाणपणा.

सगळ्यात अवघड आहे थांब्याचे कारण ओळखणे. सेन्सरला एवढेच कळते की माग थांबला. पेटीवर ‘कांडी’, ‘ताणा’, ‘इतर’ अशी बटणे द्यावीत असे पहिल्यांदा सगळ्यांना वाटते, पण दोन-चार मागांमध्ये धावणारा माणूस बटण दाबायला थांबत नाही. म्हणून ४० सेकंदांच्या आतला थांबा कांडीबदलाचा धरावा. आठवड्यातून एका पाळीत दोन तास कुणीतरी वही घेऊन उभे राहून प्रत्यक्ष कारणे लिहावीत, आणि त्या वहीशी ताडून ती ४० सेकंदांची मर्यादा प्रत्येक शेडसाठी बदलावी. हे काम स्टार्टअपच्या माणसाने करू नये. महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी करावे. शिक्षणसंस्थेचा खरा उपयोग इथे आहे.

तुलनेसाठी १२ मागांवर दिवे चालू ठेवावेत, १२ मागांवर झाकून. वाटणी मागांची नको, माणसांची करावी. एकाच कामगाराकडे एक दिव्याचा आणि एक बिनदिव्याचा माग दिला तर तो दिव्याकडे धावतो, दुसरा माग मागे पडतो आणि फरक फुगून दिसतो. सुताचा लॉट बदलला की तुटीचे प्रमाण बदलते; म्हणून लॉट क्रमांक रोज लिहावा. चाचणीची तारीख ठरवताना पंचांग समोर ठेवावे: जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, दिवाळी. मध्ये शेड बंद राहिले तर आधीच्या १४ दिवसांच्या नोंदीशी तुलना बिघडते.

हिशेब

गृहीत धरू: मिनिटाला १२० पिक, १० तासांची पाळी, महिन्याला २५ पाळ्या. न थांबता चालला तर माग पाळीत ७२,००० पिक मारेल. टॉवेल ६० इंच लांब, इंचाला ४० पिक, म्हणजे नगाला २,४०० पिक. कार्यक्षमता एका टक्क्याने वाढली, म्हणजे ६५ ची ६६ झाली, तर ७२० पिक जास्त, म्हणजे ०.३ टॉवेल. सूत, मजुरी, वीज वजा जाऊन नगामागे १२ रुपये सुटतात असे धरले तर पाळीला ३ रुपये ६० पैसे आणि महिन्याला ९० रुपये.

भाडे १५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १७७. ज्याला भरलेल्या जीएसटीची वजावट (इनपुट क्रेडिट) घेता येत नाही त्या कारखानदाराला एका पाळीत जवळजवळ २ टक्के वाढ मिळाली तरच पेटी परवडते. दोन पाळ्या चालणाऱ्या शेडला एका टक्क्यात भागते. यावरून पहिले गिऱ्हाईक कोणते शोधायचे ते उघड आहे: दोन पाळ्या चालवणारा. मंदीत एक पाळी बंद झाली की तोच माणूस पेटी परत करील, हेही धरून चालावे.

चाचणीचा निष्कर्ष ‘उपयुक्त आढळले’ असा लिहू नये. दिव्याच्या १२ मागांवर किती टक्के वाढ, बिनदिव्याच्या १२ वर किती, आणि दोहोंतला फरक किती, एवढेच लिहावे. फरक १ टक्क्याच्या आत असेल तर वस्तू बदलावी लागेल. अनुदान ते कळण्यासाठीच दिलेले असते. नकारार्थी निकाल आला म्हणून पुढचा हप्ता अडवणारा इन्क्युबेटर स्टार्टअपला खोटे बोलायला शिकवतो.

हप्ते

२० लाखांच्या अनुदानाची वाटणी अशी करता येईल. पहिले ४ लाख: ३० पेट्या आणि उष्णतेतली दोन महिन्यांची चाचणी. मग ५ लाख: पहिले शेड. मग ७ लाख: आणखी शेडे धरून एकूण २०० माग. नव्या १७६ पेट्या, पेटीचा खर्च २,४०० धरला तर ४,२२,४०० रुपये. उरलेले बसवणी आणि दुरुस्तीला. शेवटचे ४ लाख: अहवाल आणि सुधारित नमुना. इमारत, फर्निचर अशा सोयींवर हे पैसे खर्च करता येत नाहीत.

टप्पे कामावर बांधावेत, तारखांवर नाही. आणि टप्पा पूर्ण झाल्यापासून हप्ता जमा होईपर्यंत समितीची बैठक, उपयोगिता प्रमाणपत्र, मार्चअखेर असे काहीतरी आड येतेच. म्हणून तिघांनी तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवल्याशिवाय दुसऱ्या टप्प्याला हात घालू नये. या सापटीत अडकलेला तरुण पुण्यात नोकरी धरतो आणि पेटी कपाटात जाते.

राज्याच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या स्टार्टअपना सरकारी विभागांकडून कार्यादेश मिळतात. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरही मान्यताप्राप्त स्टार्टअपना पूर्वानुभव आणि उलाढालीच्या अटीत सूट आहे, बयाणा रक्कम माफ आहे. पाण्याच्या गळतीवर काम करणाऱ्याला हा मार्ग अगदी योग्य, कारण त्याचे गिऱ्हाईक महापालिकाच असते. यंत्रमागाच्या पेटीला सरकार हे गिऱ्हाईक नाही. तिला कारखानदाराकडूनच वसुली करायची आहे, आणि बाजारात उधारी तीन-तीन महिन्यांची चालते. उद्यम नोंदणी इथे कामाला येते. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. आणि आयकरात १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या तरतुदीने (१९६१ च्या कायद्यातले कलम ४३बी(एच)) मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही. कारखानदाराच्या सीएला हे कलम पाठ असते. बिलावर उद्यम क्रमांक छापला की तो आपणहून आठवण करून देतो.

दोनशे मागांनंतर

२०० माग गुणिले १५० म्हणजे महिन्याला ३०,००० रुपये. तीन अभियंत्यांचा पगार यात निघत नाही. २,००० माग झाले तर ३ लाख, आणि मग कंपनी उभी राहते. तेवढी दोन पाळ्यांची शेडे एकट्या सोलापुरातून मिळवणे कठीण. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी इथे जावेच लागते. तिथला कारखानदारही म्हणणार: आधी दुसऱ्या कुणाकडे चालवून दाखवा.

राष्ट्रीय व्यवस्था नावाच्या गोष्टीचा उपयोग आमच्या मते इथे व्हायला हवा. आज एका इन्क्युबेटरचा चाचणी अहवाल दुसऱ्या शहरातला इन्क्युबेटर वाचत नाही. प्रत्येक ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून. सोलापुरात सार्वजनिक पैशाने घेतलेला पुरावा इचलकरंजीत चालला, तर त्याच २० लाखांतून चार गावांची दारे उघडतील. त्यासाठी नवी योजना लागत नाही. अहवाल ठरलेल्या साच्यात हवा आणि चांगले-वाईट सगळे निकाल इन्क्युबेटरांनी एकमेकांसाठी खुले ठेवायला हवेत.

पण अहवाल जसाच्या तसा उचलून चालणार नाही. सोलापुरात मजुरी टॉवेलच्या नगावर. इचलकरंजीत ती ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे अमुक, अशी पिकाशी बांधलेली. तिथे पिक मोजणारी पेटी थेट मजुरीच्या वाटाघाटीत जाऊन बसते. म्हणून करारातले तिसरे कलम तिथे नव्याने, कामगार संघटनेला बरोबर घेऊन लिहावे लागेल. आणि सोलापूरच्या अहवालाच्या पहिल्याच पानावर मागाचा प्रकार, पन्हा (कापडाची रुंदी), इंचाला पिक, सुताचा काउंट (जाडी-बारकाई), पाळ्यांची संख्या, माणसामागे माग आणि मजुरीची पद्धत या सात गोष्टी लिहिलेल्या असाव्यात, म्हणजे वाचणाऱ्याला आपल्या शेडशी त्या ताडून पाहता येतील.